वाड्यांचे कोरीव लाकूड शिकणाऱ्या हातांना मिळावे

प्रति,
मा. संपादक,

विषय : जुन्या नाशकातील उतरवल्या जाणाऱ्या वाड्यांचे कोरीव लाकूड आणि ही कला शिकू पाहणारी मुले

महोदय,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की जुन्या नाशकातील धोकादायक वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा जातात, एखादी भिंत ढासळल्याचे छायाचित्र आपल्या दैनिकात येते आणि पुढचे चार दिवस मालक, भाडेकरू, त्यांच्यातील वर्षानुवर्षांचे दावे आणि रहिवाशांच्या जिवाला असलेला धोका यांची चर्चा होते. ती व्हायलाच हवी. आधी माणूस, मग वास्तू. आता २०२७ च्या सिंहस्थाची तयारी सुरू असल्याने गोदाकाठच्या गल्ल्यांतील उतरवणीला आणखी वेग येईल, असा माझा अंदाज आहे. मात्र या सगळ्या चर्चेत वाडा उतरल्यावर त्यातले कोरीव लाकूड जाते कुठे आणि ते कोणाच्या उपयोगी पडू शकते, याचा उल्लेख मला कधी आढळला नाही. त्याविषयी लिहावे म्हणून हे पत्र. ते लांबले आहे याची मला कल्पना आहे; काटछाट करण्याचा आपला अधिकार अर्थातच मान्य आहे.

मी चोवीस वर्षांची आहे आणि गेली नऊ वर्षे लाकडावरचे कोरीव काम शिकते आहे. आमच्या घरात कोणी सुतार नाही; वडील सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला होते. शाळेत इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेसाठी संकल्पचित्राचा सराव करताना मी शेकड्याने कोयऱ्या काढल्या होत्या, आणि त्या सगळ्या कागदाला चिकटून बसलेल्या दिसत. त्याच सुमारास जुन्या नाशकातल्या एका गल्लीत अर्धवट उतरवलेल्या वाड्याच्या ओसरीत उघडा पडलेला एक खांब पाहिला. त्याच्यावरची कोयरी देठाशी फुगून टोकाकडे अशी वळली होती की ती हातात घेतली तर भरीव लागेल, असे वाटले. दुसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन गेले, तोवर खांब आडवा झाला होता आणि एक माणूस करवतीने त्याचे तीन-तीन फुटांचे तुकडे पाडत होता. माझा चेहरा पडला असावा, कारण त्याने एक तुकडा पायाने माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, “हवा तर घेऊन जा, बंबातच जायचाय.” तो तुकडा पोत्यात गुंडाळून मी आमच्या घराजवळ देव्हारे करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेला. काकांनी कोयरीकडे पाहिलेही नाही. त्यांनी तुकडा उलटा केला, न कोरलेल्या मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि सांगितले, “शाळा सुटल्यावर येत जा. पण पहिले सहा महिने नुसती धार.”

त्यात अतिशयोक्ती नव्हती. पटाशी, म्हणजे लाकूड कोरायचे धारदार हत्यार, दगडावर एकाच उतारावर धरून पुढे-मागे ओढायची असते. मनगट किंचित डोलले तरी उतार गोलावतो आणि पटाशी लाकडात शिरण्याऐवजी वरून घसरते. गोल पटाशीला ओढता ओढता हात फिरवावा लागतो, नाहीतर मधला भाग झिजतो आणि दोन्ही कोपरे तसेच राहतात. काठावर येणारी बारीक मुरड चामड्याच्या पट्ट्यावर काढायची आणि मग फळीच्या आडव्या तोंडावर, जिथे लाकडाच्या रेषा तुटून ठिपक्यांसारख्या दिसतात तिथे, एक काप घ्यायचा. काप चकाकला तर धार लागली. पांढरट, भुरभुरीत निघाला तर पुन्हा दगडाकडे. सागवान हाताला तेलकट लागते, परंतु त्याच्यात सिलिकेचा, म्हणजे वाळूच्या जातीचा अंश असतो आणि तो धार भराभर खातो. म्हणून सागावर काम करणाऱ्याचा दिवसातला बराच वेळ दगडापाशी जातो. बोथट पटाशीला जोर द्यावा लागतो, जोर दिला की ती सुटते आणि सुटली की बोटात जाते. माझ्या डाव्या तर्जनीवरचा व्रण तिसऱ्या महिन्यातला आहे. त्या दिवशी कंटाळून मी धार न लावताच काम सुरू केले होते. तेव्हापासून तुकडा शिकंज्यात पक्का धरल्याशिवाय आणि दोन्ही हात पात्याच्या मागे असल्याशिवाय मी मोगरी, म्हणजे पटाशीवर मारायचा लाकडी हातोडा, उचलत नाही.

धारेनंतर आल्या लाकडाच्या रेषा. कागदावर पान काढताना पेन्सिल हव्या त्या दिशेने फिरते. लाकडात तेच पान काढताना त्याच्या काठाभोवती पटाशीची दिशा तीन-चारदा बदलावी लागते, कारण रेषेच्या उतारावरून गेले तर काप गुळगुळीत येतो आणि चढावरून गेले तर ढलपी उचकटून पानाचे टोकच घेऊन जाते. उचकटलेली ढलपी खोडरबराने पुसता येत नाही. आधी खाका चिकटवायचा, मग त्याच्या कडेने सरळ काप घ्यायचे, मग नक्षीच्या मागचा भाग खाली न्यायचा, ज्याला काका ‘जमीन काढणे’ म्हणत, आणि जमीन सगळीकडे एका खोलीची झाली की मगच पानाला गोलाई द्यायची. नवशिक्याला गोलाईची घाई असते. माझी पहिली पंधरा-वीस पाने याच घाईने बिघडली आणि काकांनी ती सगळी मला खिडकीत ओळीने मांडून ठेवायला लावली होती. (ती आजही तिथेच आहेत. येणारे गिऱ्हाईक त्यांची किंमत विचारते, हा त्यातला गमतीचा भाग.)

आता मूळ मुद्द्याकडे येते. पहिल्या वर्षानंतर काकांनी मला तो बंबात जाणारा तुकडा परत दिला आणि त्याच्यावरचा रंग उतरवायला सांगितले. त्याच्यावर ऑइलपेंटचे इतके थर होते की पाकळ्यांमधल्या फटी बुजून गेल्या होत्या. घरात लग्न निघाले की खांबाला एक हात द्यायचा, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत असावी. कॉस्टिक सोड्याने रंग लवकर निघतो, पण तो लाकडात मुरतो, सागाला काळपट करतो आणि वरचे तंतू सैल करतो. म्हणून गरम हवेने रंग मऊ करून लहान खरवडणीने एकेक पाकळी मोकळी करायची, असे ठरले. या कामाला दोन महिने लागले आणि त्या दोन महिन्यांत मी जे शिकले ते मला कोणत्याही वर्गात शिकायला मिळाले नसते.

रंगाखाली पटाशीचे घाव जसेच्या तसे होते. प्रत्येक फुलाच्या मध्यभागी कंपासाच्या टोकाचे बारीक भोक होते, म्हणजे मांडणी आधी वर्तुळाने केलेली होती. पाकळ्या मात्र मोजून न काढता अंदाजाने भरल्या असाव्यात, कारण इतर फुलांना आठ पाकळ्या असताना एका फुलाला सातच होत्या आणि त्या सात थोड्या फुगवून जागा भरून काढली होती. एका पानाचे टोक उडालेले होते. तिथे दुसऱ्या लाकडाची सुईएवढी पाचर सरसाने बसवून वरून पुन्हा कोरले होते, आणि तेही रेषेला रेष जुळवून. खांबाची भिंतीकडची बाजू नुसती रेखून सोडून दिली होती, कारण तिकडे कोण पाहणार? याच्या वरच्या भागाचा एक तुकडा पुढे भंगारवाल्याकडे मिळाला, तेव्हा वरची नक्षी खालच्यापेक्षा खोल आणि ठसठशीत असल्याचे दिसले. चौकातून येणाऱ्या उजेडात आणि खालून पाहणाऱ्या डोळ्याला ती सपाट वाटू नये म्हणून ती तशी कोरलेली होती. सात पाकळ्यांचे ते फूल पाहून मला फार धीर आला, हेही सांगून टाकते. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी चुकले, त्याने निस्तरले आणि काम पुढे नेले. छायाचित्रात यातले काहीच दिसत नाही, आणि संग्रहालयात दोरीच्या पलीकडे ठेवलेल्या अखंड खांबावरही फारसे दिसत नाही. त्यासाठी तुकडा मांडीवर घ्यावा लागतो.

म्हणून माझी विनंती अखंड, सुंदर खांबांबद्दल नाहीच. अशा खांबांना गिऱ्हाईक मिळते. हॉटेले, रिसॉर्ट आणि हौशी बंगलेवाले ते विकत घेतात. तिथेही एक गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. १९७२ च्या पुरावस्तू व कलासंपदाविषयक केंद्रीय कायद्यानुसार इमारतीपासून वेगळी केलेली आणि किमान शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावस्तूच्या व्याख्येत बसते. तिचा व्यापार करायचा तर परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. वाड्याचा कोरीव खांब याच व्याख्येत येतो. त्याची काळजी पुरातत्त्व विभागाने आणि पोलिसांनी वाहावी. माझा प्रश्न त्यानंतर उरणाऱ्या मालाचा आहे: वाळवीने तळ खाल्लेला खांब, चिरलेली गणेशपट्टी, महिरपीचा अर्धा भाग, तुळईला खालून आधार देणारे कोरीव हात, तुटून पडलेली लाकडी केळफुले. उतरवणीचा ठेका देताना लाकूड आणि मलबा बहुधा एकाच बोलीत जातो. धडाच्या तुळया चिरून त्यांच्या फळ्या होतात आणि नक्षी असलेला भाग फळीच्या कामाचा नसल्याने तो जळणात पडतो. शिकणाऱ्याच्या दृष्टीने जो सर्वांत मोलाचा, तोच भाग बाजाराच्या दृष्टीने टाकाऊ ठरतो, अशी ही विचित्र स्थिती आहे.

हे लाकूड शिकण्यासाठी दुसऱ्या अर्थानेही सोयीचे आहे. नवे सागवान घनफुटाला हजारो रुपयांनी मिळते. शिकाऊ मुलाने ते बिघडवावे असे कोणत्या पालकाला परवडेल? त्यातून नवे लाकूड पुरते वाळलेले नसेल तर कोरून झाल्यावर आडवे आकसते आणि नक्षीतून चीर जाते. उघड्यावर वाळवायचे तर इंचभर जाडीला साधारण वर्ष धरावे, असा जुना हिशेब आहे. वाड्याचे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या छपराखाली वाळलेले असते, त्यामुळे त्याचे आकसणे केव्हाच होऊन गेलेले असते. त्यात दोष नाहीत असे नाही. ते वाळून ठिसूळ होते, त्यामुळे बारीक काम करताना कड तुटते. वाडा मूळचा खाच-कुसाच्या सांध्यांवर आणि लाकडी खुंट्यांवर उभा असला तरी नंतरच्या रहिवाशांनी कपड्यांच्या दोऱ्या, फोटो आणि विजेच्या तारांसाठी ठोकलेले खिळे आत मोडून राहिलेले असतात. एका खिळ्यावर पटाशी गेली की अर्ध्या दिवसाची धार वाया जाते. म्हणून तुकडा हाती आला की आधी त्यावरून लोहचुंबक फिरवायचे, ही आमच्याकडची पहिली शिकवण. फिकट बाहेरचा भाग किड्याने पोखरलेला असेल तर तो काढून टाकायचा आणि आतला गाभा वापरायचा.

ही कला शिकायची म्हटले तर आज नाशिकच्या मुलापुढे कोणते मार्ग आहेत, हे मी स्वतः धुंडाळले आहे. आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो आणि तो उपयुक्त आहे. सांधे, मोजमाप, यंत्रे यांची शिस्त त्यातून लागते. मात्र त्याचा रोख फर्निचरवर आहे, कोरीव कामावर नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांमध्ये सुतारकामाचा समावेश आहे. तिच्यात अवजारांसाठी १५ हजार रुपये, प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, पाच ते सात दिवसांचे म्हणजे ४० तासांचे प्राथमिक आणि पुढे १५ दिवसांचे, १२० तासांचे प्रगत प्रशिक्षण अशी तरतूद आहे. आमच्या काकांसारख्या आधीपासून धंद्यात असलेल्या कारागिराला तिचा फायदा आहे, आणि अवजारांची रक्कम तर नक्कीच कामाची आहे. परंतु ती अठरा वर्षांवरील आणि व्यवसायात असलेल्यांसाठी आहे. पंधरा वर्षांची, घरात कोणी सुतार नसलेली मुलगी तिच्या चौकटीत कुठेच बसत नाही. शिवाय ४० तासांत मला गोल पटाशीला नीट धारही लावता येत नव्हती.

वयाचा मुद्दा थोडा स्पष्ट करते. हात लहान वयात वळतो, हे तबला किंवा कुस्तीच्या बाबतीत आपण सहज मान्य करतो. कोरीव कामातही दोन्ही हातांनी पटाशी चालवता येणे गरजेचे असते, कारण रेषेचा उतार कधी डावीकडे असतो तर कधी उजवीकडे, आणि प्रत्येक वेळी तुकडा फिरवत बसता येत नाही. चौदा-पंधराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला डावा हात काही महिन्यांत सरावतो. विशीनंतर आलेल्या दोघा-तिघांना मी पाहिले आहे, त्यांना फार कष्ट पडतात. दुसरीकडे, मूल मिस्त्रींकडे ‘ठेवणे’ ही जुनी पद्धत परत आणावी असे मी मुळीच म्हणत नाही. त्या पद्धतीत मुलांनी दोन-दोन वर्षे चहा आणण्यात आणि शिव्या खाण्यात काढली आहेत, हे काकांनीच मला सांगितले. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. शिक्षण शाळेच्या देखरेखीखाली व्हावे, मिस्त्रींना मानधन मिळावे आणि मुलाच्या कामातून कोणी विक्रीचा माल काढू नये.

याला जागा आधीच उपलब्ध आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत आणि त्या काळात त्यांनी सुतार, कुंभार, माळी, कलाकार अशा स्थानिक जाणकारांकडे जाऊन काम पाहावे, करावे, असे सुचवले आहे. सुताराचे नाव त्यात स्पष्ट आहे. या दहा दिवसांत मुले कोरायला शिकतील असा माझा दावा नाही. पण तुटक्या महिरपीवरचा रंग खरवडणे, कागद ठेवून तिचा ठसा घेणे, कंपासाने फूल पुन्हा मांडून पाहणे एवढे दहा दिवसांत सहज होते, आणि त्यात पटाशीचा धोकाही नाही. शंभर मुलांनी हे केले तर तीन-चार जण अकराव्या दिवशी परत येतील. आठवी-नववीत त्यांच्या हाती पटाशी द्यावी.

व्यवहारात मी एवढेच सुचवते. महापालिका महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक बांधकाम उतरवण्याची नोटीस देते, तेव्हा तिच्यासोबत मालकाला एक साधे विनंतीपत्र जावे: तुटके, विक्रीयोग्य नसलेले कोरीव तुकडे बाजूला ठेवावेत, महापालिका ते जळणाच्या भावाने विकत घेईल. सक्ती नको. आधीच घर जात असलेल्या माणसावर आणखी एक बंधन लादणे माणुसकीला धरून होणार नाही, आणि सक्ती झाली तर लाकूड रातोरात गायब होईल हेही उघड आहे. तुकड्यावर वाड्याची गल्ली, तो कोणत्या भागातला आणि उतरवल्याची तारीख एवढे खडूने लिहिले तरी चालेल. महापालिकेच्या शाळांपैकी जिथे खोल्या रिकाम्या असतील तिथे एक कोरडी खोली द्यावी. जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर लाकूड ठेवावे, म्हणजे ओल आणि वाळवी लागणार नाही. मोठी इमारत, उद्‌घाटन, फलक यांची गरज नाही. अशा कामांची सुरुवात फलकापासून झाली की बहुधा शेवटही तिथेच होतो, असा माझा अनुभव आहे.

आता कोणी विचारील, बाजारात यंत्राने कोरलेले दरवाजे एका दिवसात मिळत असताना हा खटाटोप कशासाठी? सातपूर-अंबडकडे संगणकावर चालणारी कोरणी यंत्रे मी पाहिली आहेत आणि एका ठिकाणी चार महिने कामही केले आहे. यंत्राबद्दल मला राग नाही. जमीन काढण्याचे कंटाळवाणे काम ते उत्तम करते. मात्र त्याचे फिरणारे पाते गोल असल्याने आतला कोपरा टोकदार निघत नाही, पाकळीच्या खालून पोखरणे त्याला साधत नाही, आणि लाकडाची रेष कुठे वळली आहे हे त्याला कळत नसल्याने ते सगळीकडे सारखेच कापत जाते. तिथे शेवटचा हात फिरवायला माणूस लागतोच, आणि त्या कारखान्याची तक्रार हीच होती की असा माणूस मिळत नाही. त्यांना मिळाले ते परप्रांतातील कारागीर. सहारनपूरकडच्या एका पोराचा हात पाहून मी थक्क झाले होते. तो आठ वर्षांचा असल्यापासून वडिलांचे काम पाहत होता.

पोटापाण्याचे काय, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. निव्वळ कोरीव कामावर माझे घर चालत नाही. मी अर्धा वेळ एका इंटिरियर डिझायनरकडे आराखडे काढते. देव्हारे, चौरंग, नावाच्या पाट्या, जुन्या फर्निचरची दुरुस्ती अशी कामे येतात आणि दिवाळीच्या आधी तीन महिने उसंत नसते. मोठे काम असते ते दुरुस्तीचे, आणि ते आपल्या जिल्ह्यात भरपूर आहे. सराफ बाजारातला सरकारवाडा आहे, चांदवडचा होळकरांचा रंगमहाल आहे, दरवर्षी कामदा एकादशीला निघणारे रामरथ आणि गरुडरथ आहेत, असंख्य देवळांचे सभामंडप आहेत. सुरगाणा-पेठ भागात वाघदेवाच्या लाकडी पाट्या आहेत, ज्यांच्यावर वाघ, नाग, सूर्य, चंद्र कोरलेले असतात. ती वेगळी परंपरा आहे, तिचे जाणकार तिथलेच आणि शिकवण्याचा मान त्यांचाच. या सगळ्या लाकडाला कधी ना कधी हात लावावा लागणार आहे. सिमेंटने लिंपलेल्या तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडावर, खांबाचा पाय ओल धरून कुजतो. तेवढाच भाग कापून नवे लाकूड जोडायचे आणि त्याच्यावरची अर्धी पाकळी मूळ पाकळीशी जुळवायची, हे काम ज्याने जुनी पाकळी हाताळली आहे तोच करू शकतो.

पांडवलेण्यांना मी शाळेच्या सहलीत गेले होते, तेव्हा काही कळले नव्हते. काकांबरोबर पुन्हा गेले, तेव्हा त्यांनी अठराव्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी बाजूसमोर मला बराच वेळ उभे केले. दगडात कोरलेली ती कमान, तिच्याखाली बाहेर आलेली वाशांची टोके आणि कठडा हे सगळे लाकडी कामाचे रूप आहे. दगड फोडणाऱ्याने सुताराचे पाहून केलेले. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारावर तर धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने ते दार केल्याचा लेखच आहे. आमच्या वाड्यांतल्या सुतारांनी नावे कोरून ठेवली नाहीत. सात पाकळ्यांचे फूल करणारा कोण होता हे मला कधीच कळणार नाही, पण त्याचा हात मी ओळखते. त्याच्याच हातचा आणखी एक तुकडा मागच्या वर्षी भंगारात सापडला, तेव्हा मी तो लांबूनच ओळखला.

आजमितीस माझ्याकडे असे एकोणीस तुकडे आहेत. काका थकले आहेत, त्यांचे दुकान एका वाड्यात भाड्याच्या जागेत आहे, तो वाडाही नोटिशीत आहे आणि पावसाळ्याआधी ते रिकामे करावे लागेल. आपल्या दैनिकाद्वारे एखाद्या शाळेने किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाने कोरडी खोली देऊ केली, तर हे सर्व तुकडे, त्यांचे घेतलेले ठसे आणि माझ्या सरावाच्या पट्ट्या मी विनामूल्य तिथे ठेवायला तयार आहे, आणि शनिवारी दुपारचे तीन तास मुलांसाठी देईन. काकांनीही येण्याचे कबूल केले आहे. बसायला पाठ असलेली खुर्ची हवी, एवढीच त्यांची अट आहे.

कळावे,
आपली नम्र,
लाकडी कोरीव काम शिकणारी एक वाचक,
जुने नाशिक

(कृपया नाव व पत्ता प्रसिद्ध करू नये.)